पाच सेंट

सकाळी साडेसहाला टाकीवरचा दिवा लावला
तर पाचही गेलेले.
चार वर, आडवे.
पाचवा, तो पिवळा, हट्टी,
फिल्टरच्या जाळीला गाल लावून उभा,
श्वास घेत असल्यासारखा.
घेत नव्हता.

बाहेर कोपलीच्या धक्क्यावर अंधार.
आमचा समुद्र इथे जेमतेम खारट,
या माशांना तो चालत नाही,
म्हणून सासरे बादलीत वेगळा समुद्र कालवतात.
तीस वर्षं जहाजावर रांधलं,
तेव्हा मीठ कधी मोजलं नाही,
इथे मात्र तराजू, लाकडी पळी,
आणि ढवळताना कुणी बोलायचं नाही.

अकरा दिवस ते इस्पितळात. छाती.
चावी माझ्याकडे, आणि एक कागद, मोठ्या अक्षरांत:
चिमूटभर.
चिमूटभर म्हणजे चिमूटभर.

दुकानातल्या मार्गितला फोन केला.
ती आधी गप्प राहिली, मग विचारू लागली,
पोलिसासारखी नव्हे, सुईणीसारखी:
रात्री वीज गेली होती का?
हवेचा पंप थांबला तर पहाटेच्या आत गुदमरतात, मोठे आधी.
हीटर अडकलाय का? हात घाल.
घातला. कोमट, नेहमीसारखं.
खडकामागे एखादी गोगलगाय मरून कुजलीय?
अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.
अंगावर सोनेरी धूळ? मखमलीसारखी?
नवा मासा आणलात? भिंती रंगवल्यात?
काच पुसायचा फवारा मारलास जवळपास?
हाताला क्रीम होतं?

क्रीम होतं. मंगळवारी.
"तेवढ्यानं पाच मरत नाहीत," ती म्हणाली,
आणि थोड्या वेळानं, "बहुतेक."

मग म्हणाली, कोळंबी कुठाय?
पट्टेवाली कोळंबी.
गुरुवारपासून दिसली नव्हती.
मला वाटलं, कात टाकून लपली असेल,
त्या लपतात, त्यांनीच सांगितलं होतं एकदा.
"कोळंबी आधी आणि मासे मागून,
तर तांबं बघ," मार्गित म्हणाली,
"तांब्याचं काही पडलंय का, ते बघ."

बाही खांद्यापर्यंत सारली.
वाळू गार नव्हती, हेच विचित्र वाटलं.
बोटांना लागलं ते खडकाच्या पोटाखाली:
पाच सेंटचं नाणं,
कडेनं हिरवं, मधे गंजलेलं,
फुगलेल्या बिस्किटासारखं.

उकू दारात उभा होता, पायजम्यात.
मी काही विचारलं नव्हतं.
"कारंज्यात टाकतात तसं," तो म्हणाला,
"आजोबा घरी यावेत म्हणून.
मोठं नाणं नव्हतं माझ्याकडे."

माणसं देव पाण्यात ठेवतात.
यानं पाच सेंट ठेवले होते,
आणि काल संध्याकाळी इस्पितळातून फोन आला होता:
उद्या न्या.

दुपारी ते आले. कोट न काढताच
टाकीसमोरच्या स्टुलावर बसले.
मी वीज म्हणाले, पंप म्हणाले,
क्रीमचंही सांगितलं, तेवढं तरी खरं होतं.
नाणं माझ्या खिशात, रुमालात,
आणि उकू माझ्या मागे,
त्याचा श्वास माझ्या पाठीला कळत होता.

त्यांनी एक बोट पाण्यात बुडवलं,
जिभेला लावलं.
बराच वेळ जीभ टाळूला लावून बसले,
रश्श्यात काय जास्त झालंय
हे शोधणाऱ्या आचाऱ्यासारखे.

"मीठ बरोबर आहे," म्हणाले.
माझ्याकडे पाहिलं नाही.
माझ्या कमरेपाशी, जिथून एक डोळा दिसत होता,
तिथे पाहिलं.

"बादली आण, उकू.
हे सगळं काढून नवं करू."

आणली त्यानं, दोन्ही हातांनी,
रिकामी, तरी जड असल्यासारखी.